होम थिएटरचे बॉक्स जुन्या कॉम्प्युटरला: पिन बदलून भागणार नाही

तुमच्या ऐरोलीच्या घरचा जुना डेस्कटॉप, बंद पडलेल्या होम थिएटरचे उरलेले दोन बॉक्स, त्यांच्या लाल-काळ्या वायरींना इअरफोनची पिन पिळून जोडलेली, आणि आवाज बॉक्सला कान लावला तरच ऐकू येतो. वडिलांना नाट्यसंगीत ऐकायचंय, म्हणून तुम्ही आता यूएसबी साउंड कार्ड किंवा ब्लूटूथ डोंगल घ्यायचं म्हणताय. थांबा, दोन्ही घेऊ नका. तुमचं साउंड कार्डही बिघडलेलं दिसत नाही आणि बॉक्सही. कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकला साधे इअरफोन लावून बघा. त्यात नीट ऐकू आलं तर कॉम्प्युटरची बाजू ठीक आहे.

अडचण अशी की या बॉक्सना स्वतःची वीज नाही. कॉम्प्युटरसाठी मिळणाऱ्या स्पीकरमध्ये सिग्नल मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, म्हणून त्यांची एक वायर प्लगला किंवा यूएसबीला जाते. होम थिएटरमध्ये तो अ‍ॅम्प्लिफायर मुख्य डब्यात होता आणि डब्याबरोबर तोही गेला. हिरव्या जॅकमधून साधारण १ व्होल्टचा सिग्नल येतो. बॉक्स ६ ओहमचा धरला तर हिशेबाने १ वॉटचा सहावा भागच होतो, आणि एवढा करंटही कॉम्प्युटरच्या साउंड चिपला झेपत नाही, कारण ती फार तर हेडफोनसाठी बनवलेली असते, आणि ते साधारण ३२ ओहमचे असतात. ओहम जितके कमी तितका भार जास्त, त्यामुळे ६ ओहमचा भार तिला फार जड, म्हणून ती पिळलेली पिन आजच काढून ठेवा. यूएसबी कार्डही एवढाच बारीक सिग्नल देतं. ब्लूटूथ डोंगलचा तर इथे संबंधच नाही, बॉक्समध्ये ब्लूटूथ कुठे आहे?

तुम्हाला मध्ये एक छोटा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर हवा. टीपीए ३११० चिपचं, आवाजाची खुंटी असलेलं तयार बोर्ड घ्या. ते १२ व्होल्टवर चालतं, त्याला २ अ‍ॅम्पियरचा अ‍ॅडॅप्टर द्या. राउटरचा जुना अ‍ॅडॅप्टर लावणार असाल तर त्यावरचे आकडे वाचा, बरेचसे १ अ‍ॅम्पियरचेच असतात. पीएएम ८४०३ चं बोर्ड आणखी स्वस्त आहे आणि ५ व्होल्टवर चालतं, पण ते कॉम्प्युटरच्याच यूएसबीवर चालवलं की माउस हलवताना स्पीकरमधून किरकिर ऐकू येऊ शकते. खोलीत बसून शांतपणे गाणं ऐकणाऱ्या माणसाला ती किरकिर फार टोचते, म्हणून मी ते सुचवत नाही. बॉक्सच्या मागे किती ओहम लिहिलेत ते पाहूनच निघा. काही होम थिएटरचे बॉक्स ३ ओहमचे असतात. तसे असतील तर दुकानदाराला तो आकडा सांगून बोर्ड घ्या.

दुकान जवळपास मिळालं नाही तर ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. सोबत कॉम्प्युटरपासून बोर्डापर्यंत जोडायला ३.५ मिलिमीटर पिनची तयार ऑक्स केबल आणा. इअरफोनची वायर कापून वापरू नका. तिच्या तारांवर लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही आणि जोड आज वाजतो, उद्या बंद पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बॉक्सच्या काळ्या वायरी एकत्र करू नका, त्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटलाही टेकू देऊ नका. या बोर्डांत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, काळी म्हणजे अर्थिंग नव्हे. नौपाड्याच्या आमच्या जुन्या घरी वायर वाचवायला मी दोन काळ्या वायरी एकाच स्क्रूखाली कसल्या होत्या. बोर्ड काही सेकंदांत तापलं आणि कायमचं गेलं.

त्याच घरात सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नव्हतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि स्पीकरमध्ये सतत हम्म असा आवाज. तुमच्याकडे तसं होत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्पीकरचं नंतर बघू. हा प्रश्न वडिलांच्या सुरक्षिततेचा आहे. अर्थिंग नीट असूनही हम्म राहिला तर ऑक्स केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे असा हम्म अडवणारा छोटा डबा, लावायचा.

जोडणी अ‍ॅडॅप्टर बंद ठेवूनच करा. बोर्डावरची आवाजाची खुंटी अगदी खाली, कॉम्प्युटरचा आवाज साधारण पाऊण, मग खुंटी हळूहळू वर. सबवूफर नसल्यामुळे खर्ज कमीच येईल, पण गायकाचा आवाज आणि ऑर्गन या छोट्या बॉक्समध्ये छान उतरतात. मात्र आवाज दोन बॉक्सच्या मधोमध न वाटता इकडेतिकडे पसरल्यासारखा वाटला आणि तबल्याचा डग्गा पोकळ लागला, तर एका बॉक्सची लाल-काळी उलटी लागली आहे. अ‍ॅडॅप्टर काढून फक्त त्या एका बॉक्सच्या वायरी अदलाबदल करा.