चव यायच्या आधीचे दिवस

पोरी,

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि मी ते दोनदा वाचलं. हृदयाचं बायपास ऑपरेशन झालेल्या आबांना घरी आणून १६ दिवस झाले, टाके सुकलेत, सकाळी अंगणात दहा मिनिटं चालतात, पण जेवायला बसले की दोन घास खाऊन ताट सरकवतात. आयुष्यभर वाटी पुसून खाल्लेल्या मसुराच्या आमटीला ‘लोखंड पडलंय यात’ म्हणाले. आणि तू आत जाऊन रडलीस. शेवटी विचारलंस, मावशी, माझं काय चुकतंय?

तुझं काही चुकत नाही. तुझ्या आमटीचंही नाही.

३१ वर्षं वॉर्डात काढली मी. खानापूर, निपाणी, गोकाक, बैलहोंगल, कुठकुठली माणसं बायपास होऊन माझ्यासमोर पडलेली असायची. मराठी माणूस म्हणायचा, ‘सिस्टर, तोंडाला चव नाही’. कानडी माणूस म्हणायचा, ‘बायिगे रुचि इल्ल’. आणि दोघंही ताट सारखंच बाजूला करायचे. कुणाला सगळं कडू लागायचं, कुणाला धातूसारखं, कुणाला नुसता भुस्सा. छाती उघडून ऑपरेशन झालेल्या किती तरी जणांचं असं होतं, पण घरी जाताना ते कुणी नीट बजावून सांगत नाही. जखमेचं सांगतात, गोळ्यांचं सांगतात. जिभेचं राहून जातं, आणि मग घरातली बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसते.

आता हे होतं कशानं, ते समजून घे. समजलं की तुझा जीव थोडा हलका होईल. चार-पाच तास भूल, बहुतेक वेळा रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवलेलं, घशात नळी. त्यातून उठल्यावर सगळं शरीर सुजेशी झुंजत असतं, आणि अशा अंगाला भूक लागत नाही. साध्या तापातही आपल्याला भात नको होतो, हे त्याच्या कितीतरी पटीनं मोठं. त्यात तोंड कोरडं पडतं. लाळ नसली तर चव जिभेपर्यंत पोचतच नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि कोठा भरलेल्या माणसाला भूक कुठून लागणार? वर गोळ्यांचा ढीग. लोहाच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक, बीपीच्या काही गोळ्या तोंडात धातूची चव आणतात. ठोके अनियमित झाले म्हणून दिलेल्या गोळीनंही मळमळू शकतं. म्हणून ते ‘लोखंड’ म्हणाले ते खरंच म्हणाले. त्यांना तसंच लागलं.

पण एक धर. एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना विचार, यातली कुठली तोंडाची चव बिघडवते, आणि बदलता येते का. हा प्रश्न विचारायला संकोच करू नकोस. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सिस्टर कानडीत बोलणारी, आणि आपली माणसं मान डोलावून परत येतात. तू तसं करू नकोस. कळलं नाही तर ‘परत सांगा’ म्हण.

चव परत येते. जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा-पंधरा दिवसांनी नव्यानं तयार होत असतात. बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडतो, काहींना दोन-तीन महिने लागतात. आणि ती सरळ येत नाही. आज पेज गोड लागली म्हणून उद्याही लागेल असं नाही. तोवर तू चवीच्या मागे लागू नकोस. पोटात रोज काहीतरी पडतंय ना, एवढंच सांभाळ.

मी हे सांभाळलं नव्हतं. आमच्या यांचं बायपास झालं तेव्हा मी नोकरीतच होते, तरी घरात मी सिस्टर राहिले नाही, बायको झाले. ताटावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ‘एवढं तरी खा, माझ्यासाठी खा.’ एकेका घासाला भांडण. कार्डावर मीठ कमी लिहिलेलं, मी भीतीनं बंदच करून टाकलं. सहा आठवड्यांत त्यांचं वजन ७ किलोनं उतरलं. आणि एक दिवस दाढी करताना त्यांनी आरशात जीभ बाहेर काढली, तेव्हा दिसलं की जिभेवर दह्याची साय धरल्यासारखा पांढरा थर आहे. बुरशी. दुसऱ्या माणसांच्या तोंडात मी रोज बॅटरी मारून बघत होते, माझ्याच घरात बघितलं नाही. चार-पाच दिवस औषध लावल्यावर त्यांनी पहिल्यांदा ‘ताक आंबट आहे’ म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून आज संध्याकाळीच आबांच्या तोंडात बॅटरी मार. अँटिबायोटिक झालेलं असतं आणि साखरेचा आजार असतो, त्या माणसाला ही बुरशी लवकर होते, आणि आबांना साखर आहे. कवळी काढून हिरड्या बघ. वजन उतरलं की कवळी सैल होते, टोचते, आणि म्हातारी माणसं ‘टोचतंय’ म्हणायच्या ऐवजी ‘नको’ म्हणतात.

आता खाण्याचं. ताट काढून टाक. मोठ्या ताटात दोन भाकऱ्या, भात, आमटी मांडलेली बघूनच अशा माणसाचा जीव घाबरतो. बशी घे. दोन-अडीच तासांनी बशीभर, दिवसातून सहा वेळा. जेवायच्या आधी कोमट पाण्यानं चूळ. धातूची चव फार असेल तर स्टीलचा चमचा नको, प्लास्टिकचा किंवा लाकडी दे. फोडणी दार बंद करून दे, किंवा ते फिरायला गेले की दे. कांदा-लसणाचा वास त्यांना ज्या दिवशी सोसत नाही त्या दिवशी तो घरभर नको. गरम पदार्थाला वास जास्त येतो, त्यानं मळमळतं. निवलेलं, कोमट अन्न जास्त जातं. नाचण्याची आंबील निववून ताकात घातलेली, ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, मुगाच्या डाळीची सैल खिचडी, हुलग्याचं माडगं. घशाखाली सहज उतरेल ते.

मीठ कमीच हवं. निरोगी माणसालाही सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आबांच्या कार्डावर त्याहून कमी आकडा असेल तर तोच धरायचा. पापड, लोणचं, खर्डा, बाजारचं फरसाण यांत ते चोरून येतं. पण आळणी अन्न पुढे ठेवून ‘खा’ म्हणणं हा छळ आहे. मिठाची जागा आंबटानं भरून काढ. लिंबू, आमसूल, थोडी चिंच. आमसूल तर तुमच्याकडे जांबोटीच्या बाजूनं चांगलं येतं. आणि मिरची संकेश्वरी नको, ब्याडगी घे. तिला तिखटपणा कमी, रंग आणि वास भरपूर. थेंबभर तेलात मंद परतून वरून घातलीस तर आमटी निदान डोळ्याला तरी आमटी वाटते. जिभेला काही कळत नसतं तेव्हा डोळे आणि नाक कामाला येतात. बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. आबांच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोक्याइतकं वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नकोस.

छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला त्याहून जास्त. त्याला प्रथिनं लागतात. आबा माळकरी, अंडं-मासा विषयच नाही. मग दही, दूध, मूग, मसूर, मोडाची मटकी शिजवून, पनीर. २०० मिली दुधात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आंबील पाण्याऐवजी दुधात केलीस, खिचडीत डाळ दुप्पट घातलीस, भाकरीवर मूठभर शेंगदाण्याचं बिनमिठाचं कूट भुरभुरवलंस, तर त्याच बशीत जास्त पडतं. भूक दोन घासांची आहे ना, मग ते दोन घास भारी कर.

पाहुणे येतील. बेळगावहून येणारा कुंदा आणेल, गोकाकचा करदंट आणेल. साखरेच्या माणसापुढे डबा उघडा ठेवू नकोस. पण प्रत्येकजण ‘ऊटा आतेन्री?’ विचारतो ना, ते आबांना विचारू देऊ नकोस. जेवण न जाणाऱ्या माणसाला दिवसातून दहादा जेवलास का विचारणं म्हणजे परीक्षा घेण्यासारखं होतं. तूही त्यांच्यासमोर बसून घास मोजू नकोस. बशी ठेव, तुझीही बशी घेऊन शेजारी बस, शेतातलं बोल. यंदा शाळू कसा आहे, ते विचार.

साखरेच्या गोळ्यांचं मात्र आजच डॉक्टरांशी बोल. पूर्वीच्या जेवणाच्या हिशेबानं गोळी आणि पोटात दोन घास, यानं साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, थरथर, बरळणं दिसलं तर लगेच मोजून बघ. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून दे, पंधरा मिनिटांनी परत मोज, आणि डॉक्टरांना कळव. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट गाडी. तुमच्या गल्लीतल्या त्या काकूंचं झडपेचं ऑपरेशन झालंय म्हणालीस, त्यांना सांग की रक्त पातळ करायच्या गोळीचा मेळ जेवणाशी असतो. जेवण एकदम कमी झालं की गोळीचा जोर वाढून रक्तस्रावाची भीती असते. पालेभाजी एक दिवस गड्डी, एक दिवस काहीच नाही, असं करायचं नाही. रोज थोडी सारखी खायची आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच कपड्यांत वजन करून वहीत लिही. पहिल्या आठवड्यांत दोन-तीन किलो कमी होणं चालतं, त्यापुढे सारखं उतरत राहिलं तर दाखव. उलट एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते अंगावर धरलेलं नसतं, पाणी असतं. त्याच दिवशी फोन कर. ज्या पायाची शीर काढलीय तो पाय थोडा सुजतो, ते ठीक. दोन्ही पाय सुजले, दोन घासांत पोट तटतटलं, आडवं झाल्यावर दम लागला, तर ‘भूक नाही’ म्हणून घरी बसायचं नाही. ताप, जखमेतून पाणी, छातीचं हाड ‘कट’ वाजणं, सतत उलटी, यांचंही तसंच. लोहाच्या गोळीनं शी काळी होते, पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर थांबू नकोस.

अजून एक. आबा संध्याकाळी भजनाला ओट्यावर बसायचे, ते आता खोलीतच पडून असतात असं लिहिलंस. ऑपरेशननंतर मन खचतं, भली भली माणसं रडतात. थोडे दिवस तसं होतंच. पण दोन आठवडे उलटूनही कशातच गोडी नाही, झोप नाही, ‘आता कशाला जगायचं’ अशी भाषा, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांग. तो जेवणाइतकाच आजाराचा भाग आहे, त्यावर औषध आहे. टाळ आणून त्यांच्या उशाशी ठेव. वाजवा म्हणू नकोस.

उद्यमबागेतली तुझी ड्यूटी सांभाळून हे सगळं करतेस, मला माहीत आहे. सहा बशांपैकी चार आईनं आणि धाकट्यानं द्यायच्या, तू दोनच. तुझं स्वतःचं ताट पुरं झालं की नाही, हेही मला वहीत लिहून हवंय.

रविवारी सकाळच्या गाडीनं खानापूरला उतरते. वजनाची वही, गोळ्यांची पाकिटं आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत काढून ठेव. आमसुलं मी आणते आहे, तू घेऊ नकोस.

तुझी
मावशी