उत्तर रात्री सुचते, तेव्हा

इंदुरात समुपदेशन करताना एक तक्रार मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहे की आता ती पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते. समोरचा चुकीचे बोलतो आहे हे कळते, पण नेमके कुठे चुकते ते सांगता येत नाही, आणि उत्तर सुचते ते रात्री अंथरुणावर पडल्यावर. सांगणाऱ्या बहुधा सुना असतात, कधी धाकटे भाऊ, तर कधी भंवरकुआच्या शिकवणीत पैसे भरून बसलेली मुले. आपण बुद्धीने कमी आहोत अशी या सगळ्यांची समजूत झालेली असते, आणि माझे पहिले काम ती समजूत दूर करण्याचे असते.

वृंदाताई (नाव बदलले आहे) आल्या तेव्हा त्यांच्या घरात एकच विषय होता. रामबागेतले जुने घर विकून सुपर कॉरिडॉर या नव्याने वसणाऱ्या भागात प्लॉट घ्यावा असे दिरांचे म्हणणे होते. "आपल्या ओळखीतले सगळे तिकडेच घेताहेत", "आत्ता विका, नाहीतर जन्मभर या गळक्या छपराखाली राहा", आणि वृंदाताईंनी तोंड उघडलेच तर, "वहिनी, तुम्हाला माहेरच्या घराचा हिस्सा मिळालाय, तुमचं काय जातंय?"

ताई तयारी करून आल्या होत्या. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी एका वहीत तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादातल्या फसव्या चुकांची, नावे उदाहरणांसह उतरवली होती, आणि एका रात्री जेवताना सगळ्यांसमोर दिरांना सुनावलेही होते, "भाऊजी, हा व्यक्तिलक्ष्यी युक्तिवाद झाला." म्हणजे मुद्दा सोडून माणसावरच रोख धरणे. दीर ताटावरून उठले आणि नवऱ्याने अबोला धरला.

"मॅडम, दोष तर मी बरोबर ओळखला होता ना?"

"अगदी बरोबर ओळखला होता. त्या रात्री घराचं काय ठरलं?"

त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "घराचं? घराचा विषयच निघाला नाही पुढे."

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, चर्चेचे तीन प्रकार मानले: तत्त्व जाणून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. दीर जल्प करत होते आणि ताई नकळत वितंडेत शिरल्या होत्या. दोषांच्या याद्या फार जुन्या आहेत. ॲरिस्टॉटलने १३ दोष सांगितले, नैयायिकांनी ५ हेत्वाभास, म्हणजे खऱ्या कारणासारखी भासणारी फसवी कारणे, सांगितले. त्या याद्यांविषयी मला आदर आहे, परंतु घरातल्या माणसाला त्याच्या दोषाचे नाव ऐकवले की तो विचार करू लागत नाही, तो बचावाला उभा राहतो. म्हणून मी शिकवते ते वेगळे. प्रत्येक तर्कदोषात एक दुवा गाळलेला असतो आणि त्या गाळलेल्या जागी एक साधा प्रश्न बसतो. दोषाचे नाव मनात ठेवावे आणि बोलावा तो प्रश्न.

"आत्ता, नाहीतर कधीच नाही" असे कोणी म्हटले, तर "वर्षभराने विकलं तर काय बिघडेल?" असे विचारावे. "तुमचं काय जातंय?" याला "माझं राहू द्या, मी मांडलेला हिशेब चुकलाय का ते सांगा" एवढे पुरते. "सगळेच घेताहेत" हा मात्र यांपैकी सर्वांत चिवट युक्तिवाद आहे, कारण तो ऐकणाऱ्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या एकटेपणावर काम करतो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत आधीच पढवून ठेवलेले लोक रेषांच्या लांबीविषयी एकमुखाने उघडउघड चुकीचे उत्तर देत, आणि ते ऐकून सुमारे तीन चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून त्यांचीच री ओढली. पण गटात एक जण जरी खरे उत्तर देणारा असला, तरी हे प्रमाण एकदम खाली येई. हे सांगून मी ताईंना विचारले, "घरात तुमच्यासारखं वाटणारं आणखी कोण आहे?" त्या म्हणाल्या, "सासूबाईंना कुणी विचारलंच नाहीये."

खरे वळण त्यानंतरच्या एका भेटीत आले. मी त्यांना म्हटले, "आज भाऊजींची बाजू तुम्ही मांडा, आणि त्यांच्यापेक्षा चांगली मांडा."

प्रथम त्या चिडल्या. मग सावकाश बोलू लागल्या: सासूबाईंना जिना चढवत नाही, छपराच्या दुरुस्तीला दर पावसाळ्यात पैसे जातात, दिरांच्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत, म्हणजे बँकेचे कर्ज काढायचे तर ते आताच. बोलता बोलता थांबून त्या म्हणाल्या, "मॅडम, हे तर ते एकदाही बोलले नाहीत."

"आता तुमची बाजू."

"आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. असं घर विकायचं नसतं..." वाक्य पुरे होण्याआधीच त्यांना हसू फुटले. "हेही आहे वहीत. परंपरेचा दाखला. पान चार."

त्या हसण्याचे मोल मला फार वाटते. दुसऱ्याच्या बोलण्यातला दोष पकडायला हुशारी पुरते; तोच दोष स्वतःच्या वाक्यात सापडल्यावर हसता येणे ही मनाची वेगळी तयारी आहे, आणि ती होऊ शकते यावर माझी सारी कामाची पद्धत उभी आहे. भावनेमागचा विचार तपासता येतो असे मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या परंपरेतली मी आहे, हे येथे लपवत नाही. त्या दिवशी ताईंना आणखी एक गोष्ट उमगली, जी याद्या पाठ करणाऱ्यांच्या सहसा हातून निसटते. युक्तिवाद सदोष असला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरत नाही. दिरांची कारणे फसवी होती, तरीही घर विकणे योग्य असू शकत होते; ताईंचे कारण भावनेचे होते, तरीही घर राखणे योग्य असू शकत होते. सदोष कारण बाजूला काढले की निर्णय रिकामा होतो, आणि तो खऱ्या कारणांनी भरावा लागतो.

मात्र प्रश्न विचारण्याची ही मवाळ रीत घरच्यांसाठी आहे. प्लॉट दाखवणाऱ्या दलालाने "आज का भाव आज ही है" म्हटल्यावर त्याच्या मनात काय दडले आहे ते शोधत बसू नये, कागद मागावा. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवहारांचे नियमन करणाऱ्या, कायद्यानुसार ज्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक आहे, त्याची नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, आणि विक्रीचा करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारला की घाईचा युक्तिवाद बहुतेक वेळा तिथेच संपतो.

पुढे दिरांशी बोलताना ताईंनी वही घरीच बंद ठेवली आणि सुरुवात सासूबाईंच्या जिन्यापासून केली. दीर म्हणाले, "वहिनी, मीही तेच म्हणत होतो." ते तसे म्हणत नव्हते, हे ताईंना ठाऊक होते आणि त्यांनी ते बोलून दाखवले नाही. घर विकायचे की नाही हे अद्याप ठरलेले नाही. सध्या तळमजल्यावरची एक खोली सासूबाईंसाठी दुरुस्त करून घ्यायला किती खर्च येईल, याचा अंदाज दोघे मिळून काढत आहेत.