आयसीयूच्या दाराबाहेरचं हसू

प्रश्न : ‘व्हेंटिलेटर’ परवा पुन्हा पाहिला. आत गजूकाका शेवटच्या घटका मोजतायत आणि बाहेर नातेवाईक भांडतात, गणपतीत सुतक येईल म्हणून हळहळतात. समीक्षकांनी या सिनेमाला एवढं डोक्यावर का घेतलं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्हाला जे खटकलं, त्याचसाठी मला हा सिनेमा जवळचा वाटतो. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यांवर आम्ही नऊ जण होतो. काका थर्मासच्या झाकणात चहा ओतून एकेकाला देत होता. आत्याने वडील पत्त्यांत कसे लबाडी करायचे ते सांगितलं आणि तीन दिवस गप्प असलेली आई तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता रडली. सिस्टर ओरडल्या, तेव्हा कुठे आम्ही आवाज खाली आणला. ही गंमत आणि हे दुःख वेगळं काढता येत नाही, आणि राजेश मापुसकरांनी ते वेगळं काढलेलं नाही.

२०१६ च्या या सिनेमासाठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संकलनाचा रामेश्वर भगत यांना आणि ध्वनिमिश्रणाचा आलोक डे यांना. यातला संकलनाचा मला फार रास्त वाटतो. गजूकाकांच्या घरचा, कामेरकरांचा गोतावळा केवढा! शंभरावर माणसं, तरी कोण कुणाचा कोण, हे शोधत बसावं लागत नाही. त्या गर्दीतून बापलेकाच्या दोन गोष्टी हळूहळू वर येतात. गजूकाका आणि त्यांच्यावर रुसलेला प्रसन्ना ही एक. जितेंद्र जोशींचा हा पुढारी बाहेर सगळ्यांवर डाफरतो, पण वडिलांच्या जवळ जायला बिचकतो. दुसरी राजाची, म्हणजे आशुतोष गोवारीकरांची, आणि त्याच्या वडिलांची. सतीश आळेकरांनी हे वडील इतके संयमाने केलेत की ते नुसते बसले तरी गलबलून येतं.

राहता राहिलं सुतक. तुम्ही चिपळूणचे. चाकरमानी गणपतीची तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढून ठेवतात, हे मी तुम्हाला काय सांगू! वर्षातून एकदा सगळं घर एका छपराखाली येतं, ते या सणाला. सुतकाच्या धास्तीने हळहळणारी ती माणसं मला निष्ठुर नाही वाटली. भावाला धरून ठेवायचं आणि घरच्या गणपतीलाही, अशी त्यांची तगमग आहे.