वाचकांचे प्रश्न: लिनक्सला दिसतं ते यू-बूटला का दिसत नाही?

प्रश्न: सर, आम्ही भोसरीत छोट्या कंपनीत डेटा लॉगर बनवतो. बोर्डवर २५६ एमबीची नँड फ्लॅश, त्यावर यूबीआयएफएस ही फ्लॅशसाठीची फाइलसिस्टिम. कर्नल (लिनक्सचा गाभा) टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, चढवला की लिनक्स ती फाइलसिस्टिम झकास माउंट करतं, पण यू-बूटमध्ये (बोर्ड चालू होताच कर्नल चढवणारा बूटलोडर) 'यूबीआय पार्ट रूटएफएस' मारलं की 'बॅड व्हीआयडी हेडर ऑफसेट ५१२, एक्स्पेक्टेड २०४८' अशा ओळी धो धो येतात. चिप गेली समजून दोन बोर्डांची नँड बदलली, तरी तेच. काय करू?

उत्तर: पहिलं काम म्हणजे सोल्डरिंग आयर्न खाली ठेवा. लिनक्स वाचतंय ना, मग चिप ठणठणीत आहे.

यूबीआय, म्हणजे यूबीआयएफएसच्या खाली फ्लॅश सांभाळणारा थर, प्रत्येक इरेज ब्लॉकच्या (एकदम पुसला जाणारा भाग) सुरुवातीला दोन हेडर लिहितं, पहिल्यात हा ब्लॉक किती वेळा पुसला त्याची मोजणी आणि दुसऱ्यात, म्हणजे व्हीआयडीत, तो कुठल्या व्हॉल्यूमचा कितवा तुकडा ते. तुमच्या चिपचं पेज, म्हणजे एका वेळी लिहायचा भाग, २०४८ बाइटचं. काही चिपांवर पेजचा पाव भाग, म्हणजे ५१२ बाइट, वेगळा लिहिता येतो आणि ड्रायव्हरला ते जमत असेल तर दुसरं हेडर ५१२ वर बसतं, दोन्ही हेडर एकाच पेजात मावतात. ड्रायव्हरला नाही जमलं तर ते सरळ पुढच्या पेजात, २०४८ वर जातं. तुमच्या कर्नलच्या ड्रायव्हरला जमतंय, यू-बूटच्या ड्रायव्हरला नाही, भांडण एवढंच. त्या ओळीतला पहिला आकडा फ्लॅशवर सापडलेला आणि 'एक्स्पेक्टेड'वाला यू-बूटच्या डोक्यातला. मी एकदा हे उलटं वाचून अख्खा रविवार घालवलाय, म्हणून मुद्दाम सांगतो.

'यूबीआय पार्ट'ला शेवटी ५१२ देऊन बघता येतं, पण ते टेस्टिंगपुरतंच, माल गिऱ्हाइकाकडे तसा पाठवू नका. सगळीकडे २०४८ करून टाका. इमेज बांधणाऱ्या यूबीनाइझला मायनस एस २०४८, आणि फाइलसिस्टिम बनवणाऱ्या एमकेएफएस.यूबीआयएफएसला मायनस ई १२६९७६ (हेडर सोडून ब्लॉकमध्ये उरणारे बाइट, म्हणजेच एलईबी). आत्ता तुमच्याकडे तिथे १२९०२४ असणार, तो आकडा तसाच राहिला तर हेडरचं भांडण मिटेल आणि 'एलईबी साइझ मिसमॅच' म्हणून नवीन सुरू होईल. कर्नल कमांड लाइनमध्ये 'यूबीआय.एमटीडी=रूटएफएस,२०४८' हवंच, हे लोक हमखास विसरतात आणि मग यू-बूट चालतं पण लिनक्स रुसतं. जुनं पार्टिशन पुसूनच नवीन इमेज टाकायची आहे, तेव्हा लॉगरमधला डेटा आधी काढून घ्या आणि बोर्ड एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवरून, उठवा, ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची नाही. दर ब्लॉकमागे २ केबी वाया जातात, तुमच्या २०४८ ब्लॉकांचे मिळून ४ एमबी. जाऊ द्या.

प्रश्न: दादा, यूबीआयएफएसलोडने झेडइमेज (कर्नलची फाइल) ८२०००००० ला लोड होते, बाइट बरोबर दिसतात, मग डीटीबी (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) ८२४००००० ला. बूटझेड केलं की 'स्टार्टिंग कर्नल' आणि पुढे सगळं शांत. आधीचा कर्नल ह्याच स्क्रिप्टने चालायचा हो!

उत्तर: आधीचा कर्नल ४ एमबीच्या आत होता का? हे पत्ते हेक्समधले आहेत, दोघांमध्ये ४ एमबीच अंतर. नवीन कर्नल ६ एमबीचा असेल तर तो ८२६००००० पर्यंत पसरतो, आणि डीटीबी बरोब्बर त्याच्या पोटात जाऊन बसते. लोड कमांड काही बोलत नाही, तिला सांगितलं तिथे ती ओतते. प्रत्येक लोडनंतर 'फाइलसाइझ' प्रिंट करा, तोही आकडा हेक्समध्येच येतो, आणि हाताने बेरीज करा. रॅम ८००००००० पासून २५६ एमबी असेल तर डीटीबी ८८०००००० ला टाका. अगदी वर नको, तिथे यू-बूट स्वतः जाऊन बसलेलं असतं.

प्रश्न: जुन्या नॉर फ्लॅशच्या बोर्डवर जेएफएफएस२ ही फाइलसिस्टिम आहे. एफएसलोड मारलं की 'स्कॅनिंग' म्हणत चहा होईपर्यंत थांबतं. फ्लॅश म्हातारी झाली का?

उत्तर: नाही हो. जेएफएफएस२ फ्लॅशवर इंडेक्स ठेवतच नाही, त्यामुळे कुठली फाइल कुठे हे कळायला यू-बूटला पार्टिशन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळावं लागतं, आणि रीसेट केलं की परत तेच. यादी रॅममध्ये असते ना. कर्नलसाठी ८ एमबीचं वेगळं पार्टिशन काढा, तेवढंच चाळलं जाईल. ते जमत नसेल तर इमेज समटूलमधून (प्रत्येक ब्लॉकला त्याचा गोषवारा, म्हणजे समरी, जोडणारं टूल) काढा आणि यू-बूटमध्ये जेएफएफएस२ समरी चालू करून परत बिल्ड करा.