मानकुराद उतरला, मग हापूस का पडून राहिला?

प्रश्न : म्हापशाच्या बाजारात माझे फळांचे लहानसे दुकान आहे. मे महिन्यात मानकुराद या गोव्याच्या आंब्याचा दर उतरला, तेव्हा मी रत्नागिरी हापूसचा दर होता तोच ठेवला. तरीही हापूसची विक्री घटली. दर वाढला की मागणी घटते, असा मागणीचा नियम आहे. येथे तर दर वाढलाच नाही. मग हा नियम चुकला काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नियम चुकलेला नाही. तो ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ या अटीवर उभा आहे आणि आपल्या बाबतीत नेमकी तीच अट मोडली. हापूसचा स्वतःचा दर बदलला असता, तर गिऱ्हाईक त्याच मागणी वक्रावर, म्हणजे कोणत्या दराला किती माल खपेल हे दाखवणाऱ्या रेषेवर, वर किंवा खाली सरकले असते. पाठ्यपुस्तके याला मागणीचा संकोच किंवा विस्तार म्हणतात. परंतु शेजारच्या टोपलीतील पर्यायी फळ स्वस्त झाल्यामुळे हापूसचा संपूर्ण वक्रच डावीकडे सरकला, म्हणजे पूर्वीच्याच दराला आता कमी डझन खपू लागले. हा मागणीचा ऱ्हास होय.

तो किती झाला, हे छेदक लवचिकतेने, म्हणजे एका वस्तूच्या दरातील बदलाच्या तुलनेत दुसरीची मागणी किती बदलली यावरून, मोजतात. समजा, मानकुरादचा डझनाचा दर १२०० रुपयांवरून ९०० वर आला, म्हणजे २५ टक्क्यांनी उतरला, आणि हापूसची विक्री ४० डझनांवरून ३४ वर, म्हणजे १५ टक्क्यांनी घटली. तर १५ भागिले २५, म्हणजे ०.६ ही छेदक लवचिकता झाली. दोन्ही बदल एकाच दिशेचे असल्याने ती धन येते, आणि धन लवचिकता हीच पर्यायी वस्तूंची खूण आहे.

मात्र हा आकडा उलट दिशेनेही तेवढाच येईल, असे गृहीत धरू नये. हापूस स्वस्त झाला म्हणून मानकुरादचे गिऱ्हाईक तितक्याच संख्येने त्याच्याकडे वळेलच असे नाही. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मानकुरादसाठी गोवेकर हंगामाच्या सुरुवातीला जो दर मोजतो, तो पाहता मला तरी तसे वाटत नाही. शिवाय फळ कशासाठी घेतले जाते, यावरही पर्याय ठरतो. रसासाठी आंबा घेणारा दर पाहून मुसराद या आंब्याच्या दुसऱ्या जातीकडेही वळतो. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या आरासीला, केळ्यांचा घड हवा असणारा मात्र इतर फळे स्वस्त झाली म्हणून घड सोडत नाही.

आपल्या निरीक्षणात एक अडचण संभवते. मे अखेरीस पावसाची चाहूल लागताच आंब्यावरचे मनच उडते आणि दोन्ही जातींची मागणी एकदम खाली येते. अशा वेळी मानकुरादचा दर व हापूसची विक्री एकत्र घसरलेली दिसली, तरी तो पर्यायाचा परिणाम नसतो. म्हणून दोन्ही दर आणि दोन्ही विक्रींची नोंद रोज ठेवावी, पावसाआधीचेच दिवस हिशेबात घ्यावेत आणि आठवडी बाजाराच्या शुक्रवारची तुलना शुक्रवारशीच करावी.