तो एक 'च'

नीटचा निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पुढचे दोन महिने एकच प्रश्न येत राहतो. "डॉक्टर नाही होता आलं, आता हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन करू का? की ते कमीपणाचं होईल?" विचारणारी मुलं दुसरा नाहीतर तिसरा प्रयत्न संपवून आलेली असतात. देशात वीस लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. हा प्रश्न घरोघरी निघणारच.

माणसाला घटना जितकी छळते, त्याहून जास्त त्या घटनेविषयी तो मनात घोकत असलेलं वाक्य छळतं, या विचारावर मी गेली बावीस वर्षं काम करते आहे. म्हणून अभ्यासक्रमाची माहिती मी सगळ्यात शेवटी देते. आधी ते वाक्य शोधते.

पाच वर्षांपूर्वी आलेल्या ऋतुजाचं उदाहरण सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. शिरोळ तालुक्यातली मुलगी, दोन वर्षं लातूरला राहून तयारी केलेली. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव. पहिल्या भेटीत तेच बोलले.

"पाव्हण्यारावळ्यांत सांगून बसलोय ओ मॅडम, पोरगी डॉक्टर होणार म्हणून. आता हिनं हॉस्पिटलात काउंटरवर बसायचं काय?"

ती खाली बघून एवढंच म्हणाली, "मला जमलंच पाहिजे होतं."

तो 'च' मी वहीत लिहून ठेवला. 'जमलं असतं तर बरं झालं असतं' या वाक्यात दुःख आहे, पण त्यातून माणूस उठून कामाला लागतो. 'जमलंच पाहिजे होतं' म्हणणारा स्वतःलाच आरोपी करून बसतो. पुढच्या दोन भेटी आम्ही या एका अक्षरावर घालवल्या. हे कुणी कुठे ठरवलं? जमलं नाही म्हणून तू कोण उरलीस? ती रडली, चिडली, एकदा मधूनच उठूनही गेली. पण चौथ्या भेटीला आली ती जरा सैल होऊन.

त्या दिवशी मी विचारलं, "डॉक्टर का व्हावंसं वाटलं?"

"आजीमुळं. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं."

मला वाटलं, आता ऑपरेशनबद्दल, सर्जनबद्दल सांगेल. त्यांचा तिनं उल्लेखही केला नाही.

"अकराला डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आम्ही बाहेर पडलो साडेपाचला."

"तोवर तू काय केलंस?"

"मी फाइलच्या मागं मागं फिरलो." (आमच्याकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात.)

आणि मग ती पाऊण तास बोलली. डिस्चार्ज कार्ड लिहिणारे डॉक्टर ओपीडीत अडकलेले. वॉर्डात उरलेली औषधं फार्मसीत परत जायची होती, त्यांची पावती आल्याशिवाय बिल होत नव्हतं आणि बिल झाल्याशिवाय विमा कंपनीकडे काही जात नव्हतं. "तीन माणसं एकमेकांची वाट बघत होती मॅडम, आणि तिघांनाबी ते माहीत नव्हतं. खाली एक बाई बेडसाठी थांबलेली. आजी तर खुर्चीत बसलेली, कॉट रिकामी. फक्त कागदावर भरलेली."

मग तिनं मलाच विचारलं, "ती औषधं सकाळच्या राउंडनंतर लगेच का परत पाठवत नाहीत?"

मी पेन खाली ठेवलं. तीन भेटी मी हिच्या मार्कांभोवती आणि दुःखाभोवती फिरत होते. तिला दिसतं काय, हे विचारलंच नव्हतं. रुग्णालयात शिरल्यावर कुणाची नजर रोग्याच्या नाडीकडे जाते, कुणाची रांगेकडे. हिची रांगेकडे गेली होती. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत विचारते, आणि तो क्वचितच वाया जातो.

तिच्या प्रश्नाची मोठी विद्या आहे, हे मी तिला सांगितलं. आता तर २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे की रुग्णालयाची विनंती पोचल्यावर तीन तासांत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यावी. पण ती विनंती पाठवण्याआधी रुग्णालयातच जे तास जातात, ते वाचवणं प्रशासकाचं काम. औषधांचा साठा 'जीवरक्षक, आवश्यक, असलं तर बरं' असा वाटून ठेवणं, रुग्णालयातल्या कचऱ्याचे २०१६ चे नियम पाळून घेणं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णाचे कागद अडू न देणं हेही त्याच अभ्यासात येतं.

वडिलांना पाचव्या भेटीला बोलावलं.

"तुमच्या संस्थेत धार कोण काढतं?"

"शेतकरी की."

"मग तुम्ही काय करता?"

ते जरा दुखावले. "काय करतो म्हंजे? दोन्ही वेळचं संकलन, फॅट, नोंदी, टेम्पो. उन्हाळ्यात टेम्पो चुकला तर दूध नासतंय."

"नासलं तर दोष म्हशीचा?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलीकडे बघून म्हणाले, "म्हंजे ही तिकडं माझंच काम करणार म्हणा की."

पालकांना मी काही गोष्टी स्पष्ट सांगते. ज्या मुलाला स्वतःच्या हातानं रुग्ण तपासायचा, बरा करायचा आहे, त्याचं इथं समाधान होणार नाही. त्यानं नर्सिंग, फिजिओथेरपी बघावी. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि दिवस लांब. बारावीनंतर घाई नको. रुग्णालय प्रशासनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था त्यासाठी नावाजलेली आहे. 'शंभर टक्के नोकरी' असा फलक असेल तिथं आधी विचारा, प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने पाठवता, कोणत्या विभागांत? उत्तर गोलगोल आलं तर उठा. आणि फी भरण्याआधी मुलाला एक सकाळ आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीसमोरच्या बाकावर बसवा. परत आल्यावर त्यानं काय पाहिलं, ते न टोकता ऐका.

ऋतुजानं संख्याशास्त्रात पदवी घेतली, मग रुग्णालय प्रशासनाला प्रवेश. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. प्रशिक्षणाच्या रुग्णालयात वॉर्डातली उरलेली औषधं परत जाण्याच्या वेळा नोंदवायचं काम तिनं मागून घेतलं आहे.

"राउंड झाली की लगेच पाठवून बघतोय मॅडम."

"फरक पडला?"

"अजून नाही. त्याच वेळी नाश्त्याच्या ट्रॉल्या लिफ्ट अडवतात. आता त्यांच्या वेळा लिहायला घेतल्यात."