ओल्या दलदलीला आग लागतेच कशी, आणि तिचा हवामान बदलाशी काय संबंध?

सायबेरिया व कॅनडातील दलदल बारमाही ओली असताना पेटते कशी, ही आपली शंका रास्त आहे. पुण्यात भूगोल शिकवताना ती मला विद्यार्थ्यांकडूनही हमखास ऐकू येते, कारण वणवा म्हटला की आपल्यापुढे वेताळ टेकडीवरचे वाळके गवत येते, जे बघता बघता जळते आणि पावसाळ्यात पुन्हा उगवते. उत्तरेत मात्र जमीनच जळते.

तेथील स्फॅग्नम शेवाळ मेल्यावर पाण्याखाली प्राणवायूअभावी पुरते कुजत नाही. त्याचे थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचत हजारो वर्षांत कित्येक मीटर जाड झाले आहेत. हेच पीट. उत्तरेकडील पीटमध्ये सुमारे ४०० अब्ज टन कार्बन असल्याचा अंदाज आहे, आणि तो राखला आहे भूजलाच्या उंच पातळीने.

म्हणून तापमानाच्या आकड्यांपेक्षा या पातळीकडे पाहावे, असे माझे मत आहे. बर्फ लवकर वितळते, उन्हाळा लांबतो, तापलेली हवा झाडांतून व जमिनीतून जास्त पाणी ओढून घेते, आणि पातळी उतरली की वरचा कोरडा थर एखादी वीज पडण्याचीच वाट पाहत असतो. अलास्कात अनाक्टुवुक नदीजवळ २००७ च्या जुलैत विजेने लागलेली आग आधी नुसती धुमसत होती. कोरड्या सप्टेंबरात ती भडकली आणि सुमारे १,००० चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला.

पीट जळताना ज्वाळा क्वचितच दिसतात. कमी प्राणवायूत आग हळूहळू खाली आणि आडवी सरकते, भरपूर कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण सोडते, आणि पुरेसा ओला थर लागला तरच थांबते. वरवरच्या पावसाला ती दाद देत नाही. कधीकधी बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा डोके वर काढते. कॅनडात फोर्ट मॅकमरे येथे मे २०१६ मध्ये लागलेली आग पूर्ण विझल्याचे जाहीर व्हायला ऑगस्ट २०१७ उजाडला.

अर्थात, सगळेच खापर हवामानावर फोडता येणार नाही. २०१० च्या विक्रमी उष्णतेत मॉस्कोभोवती जे पीट पेटले, त्यातील बरेचसे इंधनासाठी व शेतीसाठी आधीच चर खणून कोरडे केलेले होते. तेथे चर बुजवून पाणी परत भरता येते व तसे प्रयत्न झालेही. पण सायबेरियातील ज्या दलदलीत कोणी चर खणलाच नाही, तेथे बुजवायलाही काही नाही.